आजन्म तेल

ज्या वस्तूवाचून घराचे पदोपदी अडते, तिच्याकडे घरातील कोणाचेही लक्ष नसते, असा माझा अनुभव आहे. पाटा-वरवंटा होता तोवर त्याला टाकी लावून घेण्याची आठवण कोणास होत नसे. डाळ भरड राहू लागली म्हणजे मग पाथरवटाचा शोध सुरू होई. आमच्या मोटारीचेही तसेच झाले. २०११ साली दादांनी ती घेतली. त्यांचा डावा गुडघा तेव्हाच कुरकुर करू लागला होता, म्हणून क्लच दाबावा न लागणारी, आपले गिअर आपणच बदलणारी गाडी त्यांनी मुद्दाम निवडली. तेव्हापासून तिने आमच्या घराची चार लग्ने, दोन बाळंतपणे, वडिलांचे अखेरचे आजारपण आणि दरवर्षीची कुलदैवताची वारी एवढे सारे ओढले. गेल्या पावसाळ्याच्या आरंभी तिच्या आकड्यांच्या पट्टीवर २,१४,००० किलोमीटर उमटले.

ह्या सर्व काळात इंजिनाचे तेल दादांनी न चुकता बदलले. त्याची एक वही आहे; तारीख, किलोमीटर, तेलाची जात, सारे सुवाच्य अक्षरात. परंतु गिअरबॉक्समध्येही तेल असते आणि तेही कधीतरी म्हातारे होते, ही गोष्ट त्या वहीला ठाऊक नव्हती. दोष सर्वस्वी दादांचा नव्हे. ज्या ठिकाणी गाडीची देखभाल होत असे, तेथील तरुण अधिकाऱ्याने त्यांना फार पूर्वीच सांगून ठेवले होते, "त्यातले तेल आजन्म असते, काका. त्याला हात लावायचा नाही." आजन्म म्हणजे कोणाचा जन्म, तेलाचा, गाडीचा, की फुकट दुरुस्तीच्या मुदतीचा, हा प्रश्न तेव्हा आम्हां कोणालाच सुचला नाही.

गाडी झटके देऊ लागली होती. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना ती किंचित अडखळे आणि मग पाठीमागून कोणी ढकलल्यासारखी पुढे जाई. मागे घ्यावयाची असली म्हणजे दांडा ओढल्यावर मनातल्या मनात एक-दोन म्हणावे लागे, मग ती हले. आम्ही म्हणत असू, "वय झाले." घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत आपण हेच म्हणून मोकळे होतो.

मंगळवार, गुरुवार आणि शनिवार ह्या दिवशी पहाटे पाच वाजता वहिनींना डायलिसिससाठी न्यावे लागते. गेली दोन वर्षे हा क्रम आहे. जाताना त्या ठीक असतात. येताना मात्र रक्तदाब उतरलेला, चेहरा पांढराफटक, आसन मागे कलते करून डोळे मिटून पडलेल्या. म्हणून रिक्षा नको, गाडीच हवी. एके शनिवारी परतताना मी चालवीत होतो. म्हात्रे पुलाचा चढ आला, तशी डोळे मिटलेल्याच अवस्थेत वहिनींनी हात वर करून दारावरची मूठ धरली. दुसऱ्याच क्षणी झटका बसला. पूल उतरून आम्ही सिग्नलपाशी थांबलो. गाडी पुन्हा निघण्यापूर्वी त्यांचा हात पुन्हा वर गेला. झटका नेमका कोठे बसतो हे त्यांना पाठ झाले होते. हातात सुयांची भोके ताजी असताना, दर खेपेस, दोन्ही वाटांना, त्या अशा स्वतःला सावरीत होत्या आणि त्यांनी आजवर चकार शब्द काढला नव्हता. मी विचारले, तेव्हा म्हणाल्या, "त्यात काय भाऊजी, रस्ते खराब आहेत." रस्ता तेथे अगदी गुळगुळीत होता.

त्या दिवसापासून मी ह्या तेलाच्या मागे लागलो.

आपोआप गिअर बदलणाऱ्या पेटीत तेल केवळ वंगण नसते. इंजिनाची शक्ती चाकांकडे नेण्याचे पहिले काम तेच करते. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक फिरू लागला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरावा, तशी टॉर्क कन्व्हर्टरची रचना असते. वाऱ्याच्या जागी तेल. ही कल्पना मूळची जहाजांसाठी, हेर्मान फ्योटिंगर ह्या जर्मन अभियंत्याची, १९०५ मधली. मोटारीत संपूर्ण स्वयंचलित गिअरपेटी मोठ्या प्रमाणावर आली ती जनरल मोटर्सची हायड्रामॅटिक, १९४० सालच्या ओल्ड्समोबील गाड्यांतून. त्याखेरीज तेलाच्याच दाबाने आतल्या क्लचच्या चकत्या एकमेकींना आवळल्या जातात, आणि पेटीतील उष्णता बाहेर वाहून नेण्याचे कामही तेलाकडेच असते. शिवाय ह्या तेलाकडून एक विलक्षण अपेक्षा असते. दातेरी चाकांसाठी ते निसरडे हवे आणि चकत्यांसाठी मात्र पकड घेणारे हवे. घरातल्या मधल्या सुनेकडून सासू आणि जावा ज्या दोन परस्परविरुद्ध गोष्टींची अपेक्षा करतात, तसाच हा प्रकार. तो साधण्यासाठी त्यात अनेक द्रव्ये मिसळलेली असतात, आणि झिजतात, जळतात, संपतात ती ही द्रव्ये.

पूर्वी ह्या कामी स्पर्म देवमाशाचे तेल वापरीत असत, हे वाचून मी चकित झालो. १९७० मध्ये अमेरिकेने त्या देवमाशास संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातले, तेव्हा रसायनशास्त्रज्ञांना त्याच्या जागी दुसरे काही शोधावे लागले. ही हकीकत मी जेवताना सांगितली. आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, तिने हातातला घास ताटात ठेवून विचारले, "आपल्यात नाही ना रे ते?" नाही म्हणून शपथेवर सांगितले तेव्हा जेवण पुढे चालू झाले.

पुस्तके वाचणे सोपे. माणसे गाठणे कठीण. पहिल्या ठिकाणी आजन्माचा मंत्र पुन्हा ऐकला. गाडीबरोबर आलेली पुस्तिका मी उघडून दाखविली. तीत बारीक टाइपात लिहिले होते की, गाडी कठीण परिस्थितीत चालत असेल तर हे तेल ठराविक अंतराने बदलावे. आणि कठीण परिस्थिती म्हणजे काय, तर उष्ण हवा, वारंवार थांबणे-निघणे आणि चढाव. पुण्यातील कोणत्याही मोटारीचे हे चरित्रच आहे. त्या गृहस्थांनी पुस्तिका शांतपणे मिटून मला परत दिली. दुसऱ्या ठिकाणी उलटाच उपदेश मिळाला. "दोन लाखांवर गेलेल्या गाडीचं तेल काढाल, तर गाडी जागेवर बसेल. त्या जुन्या तेलावरच ती तग धरून आहे." आणि बसलीच तर नवी गिअरपेटी घालण्याचा जो आकडा त्यांनी सांगितला, तो गाडी विकून येईल त्याहून मोठा होता.

दादांनी हे ऐकले आणि ते अडून बसले. "चालते आहे ना? मग चालू दे. आठवड्यातून तीन वेळा तिच्यावाचून आपले भागत नाही. उद्या बंद पडली तर तू काय करणार आहेस?" ह्यावर मजजवळ उत्तर नव्हते. वहिनींच्या उपचारांच्या खर्चात दुसरी गाडी घेण्याची गोष्ट काढण्यात अर्थ नव्हता. दोन दिवस आम्हां भावांत बोलणे जेवढ्यास तेवढे होते.

लोक घाबरतात ते अगदीच अकारण नव्हे, असे माझे मत झाले आहे. वर्षानुवर्षे न बदललेल्या तेलात चकत्यांची झीज भुकटी होऊन तरंगत असते, आणि पेटीत कोपऱ्याकोपऱ्यांत चिकट साका बसलेला असतो. नव्या तेलातील स्वच्छता करणाऱ्या द्रव्यांनी, किंवा यंत्राने दाब देऊन केलेल्या धुलाईने, तो साका एकदम सुटला आणि तेलाच्या दोऱ्यासारख्या बारीक वाटांत जाऊन अडकला, तर घोटाळा होऊ शकतो. परंतु ज्या चकत्या केवळ मळाच्या आधाराने पकड घेत आहेत, त्या मुळातच संपलेल्या असतात. बहुतेक मालक तेल बदलतात केव्हा? गाडी घसरू लागल्यावर. इंजिन ओरडते आणि गाडी पुढे जात नाही, अशी दशा झाल्यावर. मग ती बंद पडली की दोष तेलाच्या माथी. अखेरच्या घटकेस बोलावलेल्या वैद्याच्या वाट्याला येणारेच हे अपयश. आमची गाडी झटके देई, पण घसरत नव्हती. माझी सारी आशा ह्या एका भेदावर होती.

तिसरा मिस्त्री वयाने साठीच्या पुढचा निघाला. त्याने प्रथम गाडी स्वतः चालवून पाहिली, डिपस्टिक ओढून पांढऱ्या कागदावर एक थेंब टेकविला आणि कागद नाकाशी नेला. मूळचे तेल लाल असते; गळले तर ते इंजिनाचे नव्हे, गिअरचे आहे हे ओळखता यावे म्हणून त्यात रंग घालतात. आमचा थेंब कोऱ्या चहासारखा काळपट होता. "जुनं आहे, पण जळालेलं नाही," तो म्हणाला. "मशीन लावायचं नाही. जेवढं आपोआप खाली येईल तेवढंच काढू, तेवढंच घालू. पाचशे किलोमीटर चालवा, परत या. असं तीनदा." मग थोडे थांबून, "नटाच्या लोहचुंबकावर धातूचे तुकडे निघाले, तर मात्र मी पुढं हात लावणार नाही. आधीच सांगतो." ही अट मला त्याच्या आश्वासनापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटली. दादांनाही ती पटली असावी, कारण शुक्रवारी सकाळी ते काही न बोलता चपला घालून गाडीत येऊन बसले. शुक्रवार अशासाठी की, शनिवारी पहाटे गाडी लागणारच होती.

गाडी थोडी चालवून तेल कोमट केलेले होते. मिस्त्रीने आधी वरचे भरावयाचे झाकण उघडले. वरचे झाकण गंजून घट्ट बसले असेल आणि आपण खालून तेल काढून बसलो, तर गाडी ना घरची ना घाटची. म्हणून हा क्रम. मग खालचा नट सैल केला. काळसर धार घमेल्यात पडू लागली. दादा आणि मी नटाकडे पाहत होतो. त्याच्या टोकाच्या चुंबकावर करडा लेप जमला होता. मिस्त्रीने तो चिमटीत धरून अंगठ्याने चोळला. खर लागली नाही. डोळ्यांत घालावयाच्या काजळासारखा तो मऊ होता. "ही नुसती झीज आहे," तो म्हणाला, आणि नट फडक्याने पुसू लागला. दादा बाजूच्या स्टुलावर बसले. ते एवढा वेळ उभे होते, त्या गुडघ्यावर, हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

निघालेले तेल मापून अडीच लिटर भरले; तेवढेच नवे, पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचे, घातले. जात चुकणे आणि जास्त भरणे ह्या दोन्ही चुका महागात पडतात. अधिक तेल फिरणाऱ्या चाकांत सापडून फेसाळते, आणि फेसाने दाब येत नाही. नटाखालचा ॲल्युमिनियमचा वॉशर नवा टाकला. जुने तेल डब्यांत भरून गॅरेजातच ठेवले. घरी आल्यावर आईने त्याची चौकशी केली. माजघराच्या चौकटीला वाळवी लागली आहे आणि पूर्वी माझे वडील जुने तेलच लावीत असत, असे तिचे म्हणणे. हे तेल विषारी असते आणि ते शुद्ध करणाऱ्यांकडेच गेले पाहिजे, हे तिला पटलेले नाही.

पेटीत एकंदर सहा लिटर तेल राहते आणि त्यातले अडीचच खाली येते. उरलेले कन्व्हर्टरात व वाटांत अडून बसते. पुतणीने वहीच्या मागील पानावर हिशेब मांडला. एकदा बदलल्यावर जुने उरते शेकडा ५८, दुसऱ्यांदा ३४, तिसऱ्यांदा २०. "काका, शून्य कधीच होत नाही," ती म्हणाली. सौभाग्यवती म्हणाली, "पातेल्यातली डाळ उपडी न करता तीनदा पाणी बदलून धुतली, तर असेच होईल." तिचे गणित पुतणीहून लवकर सुटले.

पहिल्या खेपेनंतर फरक जाणवला म्हणावा तर जाणवला, नाही म्हणावा तर नाही. आषाढात आरंभ केला होता. दुसरी खेप गणपतीच्या आधी झाली. त्या वेळी मात्र गाडी मागे घेताना एक-दोन म्हणण्याची गरज उरली नाही. तिसरी खेप दसऱ्यापूर्वी झाली, आणि खाली आलेले तेल प्रथमच तांबूस दिसले. झटका समूळ गेला असे मी म्हणणार नाही. थंडीच्या पहाटे पहिल्या पाच मिनिटांत तो अजून येतो, पण पूर्वी जो धक्का होता त्याचा आता नुसता हेलकावा झाला आहे. मिस्त्रीचे म्हणणे, चकत्या झिजल्या आहेत त्या झिजल्याच. तेल त्यांना पुन्हा तरुण करणार नाही.

दादांनी वहीत गिअरपेटीसाठी नवा रकाना आखला आहे. तीन ओळी भरल्या असून चौथीत पेन्सिलीने २,५०,००० हा आकडा लिहिला आहे.

मागच्या गुरुवारी परतताना मीच गाडी चालवीत होतो. पुलाच्या चढावर वहिनींचा हात सवयीने वर गेला आणि त्यांनी मूठ धरली. गाडी तिसऱ्यात गेली. काहीच झाले नाही. पूल संपेपर्यंत त्यांनी मूठ तशीच धरून ठेवली. मग डोळे न उघडताच त्यांनी हात खाली घेऊन पदराखाली ठेवला आणि विचारले, "भाऊजी, पूल गेला का?"