चौदा जानेवारीचा शिक्का

सात रस्त्याजवळच्या टपरीवर एका ठेकेदाराने माझ्यापुढे एक झेरॉक्स सरकवली. ठेकेदार दुसऱ्याचं पाप सांगायला आला, की त्याचं स्वतःचं बिल कुठे अडकलंय ते आधी विचारायचं असतं. पण मी नवा होतो. पत्र एका पुढाऱ्याच्या लेटरहेडवर होतं. रस्त्याचं मोजमाप न घेता बिल काढा, असं त्यात सरळ लिहिलेलं. खाली सही, वर कचेरीचा आवक शिक्का. "छापा की ओ, वाट कसली बघताय?"

इतकं उघड कुणी लिहून देत नाही, हे मला सुचलं नाही. आमच्या वृत्तसंपादकांनी कागद दिव्याखाली धरला आणि एवढंच विचारलं, "अक्षता सोहळ्याच्या दिवशी शिक्का मारायला कचेरीत कोण बसलं होतं रे?"

शिक्क्यावर तारीख होती १४ जानेवारी. त्या दिवशी अर्धं सोलापूर सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांमागे संमती कट्ट्याकडे निघालेलं असतं. त्या वर्षी तर कचेरीला सुट्टीच होती.

या धंद्यात टिळक-आगरकरांचं नाव सगळेच घेतात. १८८२ साली ते डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस होते, हेही अभिमानाने सांगतात. ते कशामुळे आत गेले, ते मात्र हळू आवाजात. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांच्या छळाबद्दल 'केसरी' आणि 'मराठा' तळमळीने लिहीत होते. त्या भरात कारभारी माधवराव बर्वे यांना गोवणारी पत्रं हाती आली आणि छापली गेली. पत्रं बनावट निघाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. दोघेही तेव्हा सव्विशीच्या आसपासचे, 'केसरी' जेमतेम दीड वर्षाचा. छत्रपतींचे हाल खोटे नव्हते. पुढच्याच वर्षी अहमदनगरला त्यांचा अंत झाला. मला घोर लागतो तो याचाच. खऱ्या दुःखाला खोटा कागद चिकटला, की दुःखावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

मुख्यमंत्री अंतुल्यांचं प्रकरण याच्या उलट. ३१ ऑगस्ट १९८१ ला 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरींनी बिल्डरांच्या देणग्या आणि सिमेंटचा कोटा शेजारी शेजारी मांडला. सिमेंटवर तेव्हा सरकारी नियंत्रण होतं, पोत्यापोत्याची नोंद होती. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल आला आणि मुख्यमंत्री पायउतार झाले. फौजदारी खटला मात्र नंतर वर्षानुवर्षं रेंगाळला.

आमच्याकडे लेंटिन नव्हते, पण २००५ चा माहिती अधिकार कायदा नुकताच आला होता. अर्ज टाकला, हेलपाटे घातले, मोजमाप पुस्तिकेची प्रत मिळवली. मग एका गवंड्याकडून टेप उसना घेऊन भर उन्हात रस्ता मोजला. पुस्तिकेतला रस्ता जमिनीवरच्या रस्त्यापेक्षा चांगलाच रुंद निघाला. बिल मात्र पुस्तिकेतल्या रस्त्याचं निघालेलं.

बातमी आतल्या पानावर दोन कॉलम आली. पुढाऱ्याचं नाव त्यात नव्हतं. ते फक्त त्या झेरॉक्सवर होतं.

सकाळी साडेसातला ठेकेदाराचा फोन. अभिनंदन नाही, काही नाही. "रस्त्याचं काय घेऊन बसलाय ओ? नाव कुठाय त्यांचं?"