देवलदेवीचं माहेर

अल्पखानाच्या शिपायांना वेरूळची लेणी बघायची होती. इतिहासकार फिरिश्ता तसं सरळ लिहितो. सुमारे १३०७ सालची गोष्ट. दिल्लीच्या सुलतानाचा सेनापती मलिक काफूर याची फौज यादवांच्या देवगिरीवर चालून आलेली, गुजरातचा सुभेदार अल्पखान तिला मिळायला निघालेला. वाटेत डोंगरात त्याचा तळ पडला आणि तीन-चारशे शिपाई परवानगीही न घेता लेणी पाहायला गेले. तिथे त्यांना अचानक एक घोडदळ आडवं आलं. झटापट झाली, एक बाण एका घोड्याला लागला आणि घोड्यावरची मुलगी मागे राहिली. ती गुजरातच्या कर्ण वाघेलाची लेक देवलदेवी. देवगिरीला यादवांच्या घरात ती लग्न करून जायची होती. सासर तिथून एका मजलीवर होतं.

वेरूळला मी पूर्वीही गेले आहे. लेण्यांचे क्रमांक, कुठलं बौद्ध, कुठलं जैन, कैलासात हत्तींची रांग कुठल्या बाजूला, हे सगळं शाळेच्या सहलीपासून पाठ. पण ही मुलगी मला कुणी दाखवली नव्हती. माझं माहेर सटाण्याचं, म्हणजे बागलाणातलं. राज्य गेल्यावर कर्ण ज्या मुलखात आसरा धरून राहिला तो हाच. आमच्या साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांकडून निघालेली मुलगी वेरूळपाशी पकडली गेली, हे पुस्तकात वाचल्यावर श्रावणात, पंचमीच्या आदल्या दिवशी, मी संभाजीनगरहून कन्नडच्या एसटीत चढले.

गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. २०२३च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्ध तिकीट झालं आणि माहेरी जाण्याचा हिशेबच बदलला. पूर्वी मुऱ्हाळी यायचा, तेव्हा लेक निघायची. आता ती पिशवी उचलते आणि निघते. माझ्या शेजारच्या मुलीच्या मांडीवर तान्हं बाळ होतं आणि पायाशी शेवेचं पुडकं. भाऊ घ्यायला आला नाही का, असं विचारलं तर म्हणाली, ‘त्याला कंपनीत सुट्टी नाही. मीच त्याच्यासाठी शेव घेऊन चालले.’

दौलताबादच्या जुन्या तटाच्या वेशीतून गाडी अंग चोरून निघते. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीतले अमीर-उमराव, मौलवी, सूफी, कारकून या किल्ल्याच्या पायथ्याशी आणून वसवले. राजधानी बदलण्यामागचं त्याचं गणित अगदीच वेडगळ नव्हतं, दक्षिण ताब्यात ठेवायची तर दक्षिणेत बसायला हवं. पण माणसं गणिताने हलत नाहीत. काही वर्षांत परतीची मुभा मिळाली आणि बरेच जण मागे फिरले. पुढे १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर तिथला शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशहा याच किल्ल्यातल्या चिनी महालात कैदेत आला. गाण्याचा शौकीन माणूस. तो परत गेला नाही. घाट चढून वर गेलं की खुलताबादेत त्याची कबर आहे.

खुलताबाद हे परत न गेलेल्यांचं गाव आहे. हबशी मुलखात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदाद-मोखा करत दख्खनेत आलेला आणि खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवणारा मलिक अंबर इथे आहे. गुजरातेत दाहोदला जन्मलेला, १६८१ नंतर दख्खनेत अडकून पडलेला आणि १७०७ मध्ये अहमदनगरला मेलेला औरंगजेब इथे आहे. त्याच्याबद्दल सध्या इतकं बोललं जातं, की मी तिथे उतरले नाही. मला जायचं होतं अमीर हसन सिज्झीकडे. हा दिल्लीचा फारसी कवी, निजामुद्दीन औलियांचा शिष्य. गुरूच्या बैठकीतली बोलणी त्याने टिपून ठेवली, म्हणून ती आज वाचता येतात. तुघलकाच्या लोंढ्यात तो इथे आला आणि इथेच मातीत गेला. अमीर खुसरोचा तो जिवलग मित्र होता.

आणि खुसरोशिवाय देवलची गोष्ट पुढे सरकत नाही. १२९९ मध्ये दिल्लीचा सुलतान अलाउद्दीन खिलजी याच्या फौजेने अणहिलवाड पाटण लुटलं तेव्हा कर्णाची राणी कमलादेवी पकडली गेली आणि दिल्लीच्या जनानखान्यात पोहोचली. देवल तेव्हा अगदी लहान होती. फिरिश्ता म्हणतो, त्या आईनेच सुलतानाकडे हट्ट धरला की माझी लेक मला आणून द्या. बाप इकडे बागलाणात. आधी यादवांच्या घरी मुलगी द्यायला त्याचा राजपूत अभिमान आड येत होता. दिल्लीची फौज दारात आल्यावर तो घाईघाईने तयार झाला. म्हणजे वेरूळपाशी बाण लागला तेव्हा देवल बापापासून दूर, नवऱ्याकडे निघाली होती आणि पकडली गेल्यावर आईकडे नेली गेली. माहेर यातलं कुठलं? पाटण तर लुटलं गेलं होतं.

दिल्लीत तिचं लग्न सुलतानाचा मुलगा खिज्रखान याच्याशी झालं. त्यावर खुसरोने १३१६ मध्ये फारसीत मोठं प्रेमकाव्य लिहून पुरं केलं. त्याच सुमारास खिज्रखानाचे डोळे काढले गेले, पुढे ग्वाल्हेरच्या किल्ल्यात तो मारला गेला. तेव्हा खुसरोने शेवट वाढवला. काव्यात देवल शेवटपर्यंत त्याच्याजवळ आहे. आता गुजराती लेखक कन्हैयालाल मुनशींसारख्यांनी ही कथा खरी मानली नाही. फिरिश्ता घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहीत होता आणि त्याला रंग भरायची हौस होती, हेही खरं. मला खुसरोचा संशय वेगळ्या कारणाने येतो. धरून आणलेली मुलगी दरबारी कवीच्या हातात पडली की तिची प्रेयसीच होते. गंमत अशी, की बापाने मला परमुलखात का दिलं असं विचारणाऱ्या लेकीचं, उत्तरेत घरोघरी गायलं जाणारं विदाईगीतही याच खुसरोच्या नावावर सांगतात. ते त्याचं असो-नसो. देवलच्या तोंडी ते घालावं असं त्याला वाटलं नाही.

खुलताबादहून उतार लागला की वेरूळचा डोंगर उजवीकडे पसरतो. पावसाने कडा काळा झालेला, त्यावर बारीक पांढऱ्या धारा. चौतीस लेणी दोनेक किलोमीटरच्या पट्ट्यात आहेत. श्रावणी गर्दी त्यातल्या सोळाव्याकडेच वळते. मीही वळले. कैलास राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळातला, आठव्या शतकातला, डोंगर वरून खाली कापत आणलेला, हे सारं मार्गदर्शक चार भाषांत ओरडून सांगत होते. ते सांगत नाहीत अशी एक गोष्ट मला आवडते. राष्ट्रकूट राजे राजधानी मान्यखेटला गेल्यावरही स्वतःला ‘लट्टलूरचे स्वामी’ म्हणवत राहिले. लट्टलूर म्हणजे आपलं लातूर. एवढं मोठं साम्राज्य, पण बिरुदात गाव मूळचंच. आणि देवाचं हिमालयातलं घर दख्खनच्या खडकात आणून ठेवायची कल्पनाही त्यांच्याच घराण्याची.

त्या घराला रावण खालून हलवतो, ते शिल्प दक्षिणेच्या बाजूला आहे. खाली दहा तोंडांचा रावण वीस हातांनी डोंगर उचकटतोय. वर पार्वतीने घाबरून शंकराचा दंड धरला आहे, तो मात्र पायाने डोंगर दाबून निवांत बसला आहे. पार्वतीच्या मागे एक दासी पाठ फिरवून पळत सुटली आहे. तिचं तोंडही दिसत नाही. कुठे पळतेय, तेही नाही. सगळ्या शिल्पात जिवाच्या भीतीने हललेलं खरं माणूस तेवढंच. फिरिश्ताच्या गोष्टीतही एक दासी आहे. घोडा पडला, शिपाई भोवती आले, तेव्हा ती पळाली नाही. तिने ओरडून मालकिणीचं नाव सांगितलं आणि तिला अदबीने न्या असं बजावलं. त्या नावाने देवलचा जीव वाचला आणि त्या नावानेच ती दिल्लीला गेली. त्या दासीचं नाव फिरिश्ताने दिलेलं नाही.

पळून जाणारा आणि मागे वाट पाहणारं घर, हे जगभरच्या गाण्यांचं भांडवल आहे. नॉर्वेच्या इब्सेनच्या ‘पेअर ग्युंट’ नाटकात नायक देशोदेशी भटकतो आणि सोल्वेग नावाची मुलगी डोंगरातल्या झोपडीत त्याची वाट पाहत गाते. १८७६च्या प्रयोगासाठी संगीतकार ग्रीगने तिला दिलेली चाल आजही जगभर वाजते. तिथे पुरुष जातो, बाई घर राखते. आपल्याकडे जातं ओढणाऱ्या बाईची गोष्ट उलटी. घर सोडून ती गेलेली असते आणि तिच्या गाण्यात पळायची वाट घराकडेच जाते.

एकोणतिसाव्या लेण्याकडे जायला चढउताराचा रस्ता आहे, तिथवर फार थोडे जातात. दुमार लेणं प्रचंड आहे आणि शेजारी येळगंगेचा धबधबा पडतो. लोक त्या जागेला सीतेची न्हाणी म्हणतात. सीता इथे कधी आली होती, असं विचारण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात जिथे पाणी आणि एकांत आहे तिथे सीता आलेली असते. गाय पॉइतव्हॅं आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यात सीतेच्या वनवासाच्या ओव्यांचा मोठा साठा आहे. गाणाऱ्या बायका रामाला त्यात सोडत नाहीत. २०१७ पासून हा संग्रह ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येतो आहे, त्यातला आवाज ऐकला की छापील लोकगीतांच्या पुस्तकांचा कंटाळा येतो. दख्खनच्या सूफींनाही या गाण्याची ताकद कळली होती. विजापूरकडे त्यांनी बायकांसाठी दख्खनी बोलीत ‘चक्कीनामे’ रचले, दळता दळता अल्लाचं नाव यावं म्हणून.

गावात आले तेव्हा घृष्णेश्वराची रांग रस्त्यापर्यंत आली होती. हे देऊळ मालोजी भोसल्यांनी सावरलं आणि अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा बांधलं. लाल दगडावरचं कोरीव काम बघायला मान वर केली की मागचा धक्का देतो, म्हणून शिवालय तीर्थाकडे गेले. चौफेर पायऱ्या, काठाने छोटी देवळं, मध्ये हिरवं पाणी. हेही अहिल्याबाईंचंच म्हणतात. चौंडीची ही लेक माळव्यात नांदायला गेली आणि तिथून माहेरच्या मुलखात देवळं, कुंडं, घाट बांधत राहिली. वेरूळची पाटीलकी भोसल्यांची. मालोजींचा मुलगा शहाजी याच गावचा. निजामशाही, आदिलशाही असा मुलूख बदलत तो कर्नाटकात गेला आणि १६६४ मध्ये होदिगेरेला शिकारीत घोड्यावरून पडून गेला. समाधी तिकडेच. इकडे गढीची जागा आणि स्मारक.

तीर्थाजवळ एका मावशींचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्रा, दोन बाकडी आणि भज्यांची कढई. मागच्या भिंतीला जुनं जातं टेकवलेलं, त्यावर सुकायला टाकलेली फडकी. ओव्या येतात का, असं विचारल्यावर त्या आधी लाजल्या, मग सुनेकडे कढई दिली.

‘जातं कुठं राह्यलं आता? गिरणी आली तवापासून बंदच. हळदीला म्हणतो तेवढं.’

त्यांचं माहेर कन्नडकडचं, गौताळ्याच्या अंगाला. लग्न होऊन आल्या तेव्हा पंचमीला भाऊ बैलगाडी घेऊन यायचा. एका वर्षी तो आला नाही, तर या लेण्यांच्या डोंगराने चालत निघाल्या होत्या, रात्रीच्या, न सांगता.

‘मग?’

‘मग काय, सासऱ्यानं अर्ध्या वाटंतून आणलं. मारलं नाही पण.’ त्या हसल्या. ‘दुसऱ्या वर्षी आला भाऊ.’

त्यांना मी देवलची गोष्ट सांगितली. लक्ष देऊन ऐकली आणि पहिला प्रश्न केला, ‘तिला भाऊ नव्हता?’ मला उत्तर देता येईना. खुसरो, फिरिश्ता, त्यावर भांडणारे इतिहासकार, यांतल्या कुणाला हा प्रश्न पडल्याचं मी वाचलेलं नाही.

मग त्यांनी गायला सुरुवात केली. बसूनच, उजवा हात गुडघ्यावर गोल फिरवत. आवाज फाटका होता आणि स्वर पक्का. दोन ओव्या झाल्यावर थांबल्या. ओवीत समोरच्या बाईचं माहेर घालायचा रिवाज असतो.

‘तुमचं गाव कुठलं, बाई?’

‘सटाणं.’

त्यांनी तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं, ओळ पुढे जाईना. बागलाण घेऊन पाहिलं, तेही ओळीच्या टोकाला अडकलं.

‘ऱ्हाऊ द्या गाव,’ त्या वैतागून म्हणाल्या. ‘भाऊ हाय ना? त्याचं नाव सांगा.’

सांगितलं. ते बसलं, आणि त्यांनी सगळी ओवी पुन्हा पहिल्यापासून उचलली. पलीकडच्या बाकड्यावरचा माणूस दोन चहाचे किती झाले म्हणून विचारत होता.