कुणाला सोडता येईल?

इतिहासाच्या ट्युटोरियलसाठी सरांनी मला 'पहिले महायुद्ध व कॅनडातील सक्तीची सैन्यभरती' हा विषय दिला, तेव्हा मी मनातून हिरमुसलो. कुठला कॅनडा आणि कुठला मी! पण ग्रंथालयात पुस्तक उघडले आणि त्यात शेतीच निघाली. मग ते घरच्यासारखे वाचले.

तिथल्या १८७२ च्या कायद्याने दहा डॉलर भरणाऱ्याला १६० एकर माळरान मिळे. अट अशी की तीन वर्षे राहायचे, घर बांधायचे, जमीन फोडायची. या ओढीने १९०३ साली सुमारे दोन हजार इंग्रज लिव्हरपूलहून एकाच जहाजाने निघाले. त्यांत कारकून होते, दुकानांत काम करणारे होते. नांगर धरलेले थोडेच. आगगाडी सास्काटूनपर्यंत. पुढची कित्येक दिवसांची वाट बैलांच्या नाहीतर घोड्यांच्या गाडीने. लाकूड नाही म्हणून गवतासकट मातीची ढेकळे कापून कित्येकांनी भिंती रचल्या. (आमचे आबा हे ऐकून म्हणाले, "मातीचं घर बांधायला एवढ्या लांब कशाला गेले?") गहू आपल्याकडे रब्बीचा, तिथे हिवाळाभर जमीन गोठलेली, म्हणून पेरणी मे महिन्याच्या सुमारास.

पाचव्या-सहाव्या वर्षी आईबापांबरोबर त्या जहाजातून आलेली पोरे १९१८ साली विशीत होती. युद्धाच्या आरंभी इंग्लंडात जन्मलेले पुष्कळजण आपण होऊन गेले होते. पुढे माणसे कमी पडू लागली. ऑगस्ट १९१७ मध्ये सक्तीचा कायदा झाला. पहिली हाक २० ते ३४ वयाच्या अविवाहितांना व अपत्य नसलेल्या विधुरांना. ठिकठिकाणी न्यायमंडळे बसली. दहापैकी नऊहून अधिकांनी सूट मागितली! मुलासाठी बापालाही अर्ज करता येई. शेतकऱ्याच्या बाबतीत प्रश्न फिरून एकच : या माणसावाचून शेत चालेल का?

डिसेंबरच्या निवडणुकीच्या तोंडावर सरकारने शेतकऱ्यांच्या मुलांना सूट दिली. मते पडली, आणि एप्रिल १९१८ मध्ये २० ते २२ वयाच्यांची सूट रद्द झाली. मार्चमध्ये जर्मनांनी जबर हल्ला चढवला होता हे खरे. पण पेरणी तोंडावर होती हेही खरेच. १४ मे रोजी सुमारे पाच हजार शेतकरी ओटावात पंतप्रधान बोर्डेन यांच्याकडे गेले. ते बधले नाहीत. सक्तीने घेतलेल्यांपैकी सुमारे २४ हजार फ्रान्सला पोचले. वाट इंग्लंडमधूनच होती. जहाजातल्या त्या पोरांपैकी जो कुणी गेला असेल, त्याला जन्मभूमी पुन्हा दिसली ती लष्करी छावणीतून.

'कुणाला सोडता येईल' हा प्रश्न एकदा आमच्याही घरात निघाला होता. दादा दहावी झाला, त्याच वर्षी आबांची कंबर धरली. मी आठवीत. दोघांपैकी एकाने शेत बघायचे होते. गणितात दादा माझ्या कितीतरी पुढे. पण मी तिफण धरली की तास वाकडे जात. आई म्हणाली, "धाकट्याला शिकू दे, नाहीतरी रानात त्याचा उपयोग नाही." असा मी कॉलेजात आलो. घराण्यातला पहिला म्हणून गावात माझे कौतुक होते, तेव्हा दादा शेजारीच उभा असतो.

महाशिवरात्रीला घरी गेलो, तेव्हा ज्वारी निघून कडबा बांधायचा राहिला होता. बांधता बांधता दादाला ही हकीकत सांगितली. १६० एकर म्हणताच तो म्हणाला, "म्हणजे आपल्या चाळीसपट." मग बराच वेळ काही बोलला नाही.

"अर्ज बाप करायचा म्हणतोस," त्याने एकदम विचारले, "पण पोराला काय पाहिजे, हे कुणी विचारायचं का?"

मी खाली बघून पेंढी आवळत राहिलो. ती सैलच झाली होती. दादाने ती माझ्या हातातून घेतली, सोडली आणि पुन्हा बांधली.