औट्रम घाटाखालचा वेस्टर्न

अमेरिकेच्या पश्चिमेकडील मुलखात साधारणपणे १८६५ ते १८९० या काळात जी वसाहत झाली, तिच्या कथा सांगणाऱ्या चित्रपटांना आणि दूरचित्रवाणी मालिकांना वेस्टर्न म्हणतात. ओसाड माळ, नुकतीच पोचलेली आगगाडी, पेढीवर किंवा गाडीवर पडणारा दरोडा, तोकडा पडणारा कायदा आणि त्या कायद्याची उणीव स्वतःच्या पिस्तुलाने भरून काढणारा एखादा घोडेस्वार, एवढ्या सामग्रीवर हा प्रकार उभा आहे. एडविन पोर्टर यांचा जेमतेम बारा मिनिटांचा 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' १९०३ साली आला; पुढे दूरचित्रवाणीने हा प्रकार इतका उचलून धरला की 'गनस्मोक' ही एकच मालिका १९५५ ते १९७५ अशी वीस वर्षे चालली आणि तिचे ६३५ भाग झाले. हा जुना ऐवज रात्रंदिवस दाखवणाऱ्या स्वतंत्र वाहिन्या आज अमेरिकेत आहेत आणि त्यांच्या जन्माचे कारण तांत्रिक आहे. १२ जून २००९ रोजी तिथल्या मोठ्या केंद्रांनी जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद करून डिजिटल प्रक्षेपण स्वीकारले, तेव्हा पूर्वी जेवढ्या लहरींत एक वाहिनी मावत असे तेवढ्यातच अनेक वाहिन्या मावू लागल्या, आणि या पोटवाहिन्यांचा वेळ भरून काढायला स्वस्तात मिळणारे जुने चित्रपट व मालिका कामी आल्या. २०१४ साली सुरू झालेली 'ग्रिट' ही त्यांतलीच एक. घरावर साधी अँटेना असली की ती फुकट दिसते.

चाळीसगावात अशी वाहिनी कधी दिसली नाही. तरीही १९६५ च्या आगेमागे तिथे जन्मलेल्या प्रेक्षकाच्या आयुष्यात हा प्रकार निरनिराळ्या वाटांनी, बहुतेक वेळा आपले नाव न सांगताच, येत राहिला. इथे ज्याचा विचार केला आहे तो प्रेक्षक म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. स्टेशनच्या आसपास वाढलेल्या, धुळे पॅसेंजरची शिटी ऐकून घड्याळ लावणाऱ्या आणि पुढे नोकरीधंद्यात रुळलेल्या एका पिढीचा तो प्रतिनिधी आहे, आणि त्याच्या आयुष्याची पहिली चाळीस वर्षे तरी पडदा, पेटी आणि तार यांच्या बदलत्या सोयीनुसार मोजता येतात.

त्या प्रेक्षकाच्या आधी त्याच्या मुलखाविषयी लिहिणे भाग आहे, कारण वेस्टर्नला जो मुलूख लागतो तो इथे पडद्याबाहेर आयताच होता. तितूर नदीच्या काठचे हे गाव सातमाळा-अजिंठा डोंगररांगेच्या पायथ्याशी आहे आणि कन्नडकडे चढणाऱ्या घाटाला आजही औट्रम घाट म्हणतात. हे नाव ज्या जेम्स औट्रमचे, तो कंपनी सरकारचा तरुण लष्करी अधिकारी होता. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हा सातमाळ्यातले आणि सातपुड्यातले भिल्ल नाईक त्यांना जुमानत नव्हते. काही वर्षे नुसती फौज पाठवून पाहिल्यावर, एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, १८२५ साली धोरण बदलले. खानदेशात भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. एजन्सी म्हणजे भिल्लांना जमीन, तगाई आणि बैल देऊन शेतीला लावण्याचे, त्यांचे तंटे ऐकण्याचे आणि त्यांच्यावर नजर ठेवण्याचे काम एका इंग्रज अधिकाऱ्याकडे सोपवणारी व्यवस्था. दक्षिणेकडच्या एजन्सीचे ठाणे घाटमाथ्यावर कन्नडला होते. त्याच सुमारास औट्रमने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभी केली, म्हणजे ज्यांना पकडायचे त्यांच्यातल्याच काहींना गणवेश चढवला. १८६० च्या दशकात जी.आय.पी. रेल्वे या मुलखातून भुसावळकडे गेली आणि १९०० साली चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला. अमेरिकेतही डोंगराळ मुलखात रेटल्या गेलेल्या आदिवासींवर सरकारने नेमलेला अधिकारी एजंटच होता, तिथेही शिपाई आणि रूळ थोड्या अंतराने एकमेकांच्या मागोमाग आले. या साम्याकडे इतिहासकारांचे लक्ष जाते, चित्रपटवाल्यांचे जात नाही. १९८६ साली घाटाभोवतीचे सुमारे २६० चौरस किलोमीटरचे जंगल अभयारण्य म्हणून राखले गेले तेव्हा त्याचे नाव गौताळा औट्रमघाट ठेवण्यात आले. पलटण काढणाऱ्याचे नाव अशा रीतीने सरकारी फलकावर कायम झाले आणि पलटणीत गेलेल्यांची किंवा न गेलेल्यांची नावे गॅझेटियरच्या पानांत राहिली.

आता प्रेक्षकाकडे वळावे. त्याच्या लहानपणी चित्रपटाची प्रत, म्हणजे रिळांच्या पेट्या, आधी मुंबई-पुण्यात, मग जिल्ह्याच्या गावी आणि तिथून तालुक्याला अशी उतरत येई. तोवर तिच्यावर पावसाच्या सरींसारख्या रेघा पडलेल्या असत आणि एखाद-दुसरा प्रसंग तुटून गेलेला असे. इंग्रजी चित्रपट लागलाच तर रविवारच्या मॉर्निंग शोला. ग्रेगरी पेक आणि ओमर शरीफ यांचा 'मॅकेनाज गोल्ड' हा १९६९ चा वेस्टर्न अमेरिकेत फारसा चालला नाही, भारतात मात्र वर्षानुवर्षे फिरत राहिला. संवाद कळण्याची गरज नव्हती. दरी, घोडे, सोने आणि शेवटचा भूकंप एवढे पुरेसे होते. पिटात, म्हणजे पडद्यालगतच्या स्वस्त बाकांवर, घाटाखालच्या वाड्यावस्त्यांवरून आठवड्याच्या बाजाराला आलेले लोक बसत, आणि त्यांत भिल्लही असत. पडद्यावर अपाची मारले जात तेव्हा त्या बाकांवर काय चालत असेल याची नोंद कुणी केलेली नाही. शिट्ट्या सगळ्यांच्याच वाजत, एवढे त्या पिढीचे लोक सांगतात.

१५ ऑगस्ट १९७५ रोजी मुंबईत लागलेला 'शोले' खानदेशात दिसण्याआधी ऐकू आला, असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती नाही. पॉलिडॉर कंपनीने गाण्यांच्या जोडीला नुसत्या संवादांच्या तबकड्या काढल्या, आणि गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या दारी, उसाच्या रसाच्या गुऱ्हाळावर त्या कर्ण्यावरून वाजू लागल्या. त्यामुळे दहा-अकरा वर्षांच्या मुलाला चित्रपटातला डाकू गब्बरसिंग आधी आवाज म्हणून माहीत झाला: दगडावर घासत जाणारा पट्टा, मध्येच तुटणारे हसू, आणि दोन वाक्यांमधली ती लांबलेली शांतता. आगगाडीवरचा हल्ला चित्रित झाला होता पनवेलजवळच्या रुळांवर आणि कथेतले रामगढ हे गाव वसवले होते बंगळुरूजवळच्या रामनगरच्या खडकांत, पण कोळशाच्या इंजिनामागे धावणारी गाडी आणि स्टेशनबाहेर सवारीची वाट पाहणारा टांगा या दोन्ही गोष्टी चाळीसगावच्या मुलाला रोजच्या होत्या.

हा चित्रपट कुठून कुठून आला हे कळायला त्या मुलाला बरीच वर्षे लागली. कुरोसावा यांच्या १९५४ च्या 'सेव्हन सामुराई' वरून अमेरिकेत १९६० साली 'द मॅग्निफिसंट सेव्हन' झाला. त्यांच्याच 'योजिंबो' वरून सर्जिओ लिओने या इटालियन दिग्दर्शकाने १९६४ साली 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' काढला आणि अमेरिकेचे वाळवंट स्पेनमधल्या आल्मेरिया प्रांतात उभे केले. इटलीवाल्यांच्या या चित्रपटांना स्पॅघेटी वेस्टर्न म्हणतात. दुसरीकडे हिंदीत 'गंगा जमुना', 'मुझे जीने दो', 'मेरा गाँव मेरा देश' अशी डाकूपटांची स्वतःची परंपरा होती, आणि तेलुगूत तर १९७१ सालीच कृष्णा या नटाला चक्क काउबॉयचा पोशाख चढवून 'मोसगाळ्ळकू मोसगाडू' निघाला होता. 'शोले'त हे सगळे प्रवाह मिसळले. मात्र या मिसळणीत एक गोष्ट गळाली. अमेरिकन वेस्टर्नमध्ये आदिवासी शत्रू म्हणून का होईना, पण मुलखाचा जुना मालक म्हणून हजर असतो. रामगढच्या डोंगरांना मालक नाही. गब्बर कुठल्याही जमातीचा नाही, त्याच्या टोळीला मागचा-पुढचा इतिहास नाही, आणि भटक्या जमातीचे लोक दिसतात ते एका रात्रीच्या तळावर, शेकोटीभोवतीच्या नाचगाण्यापुरते. निर्मात्यांच्या दृष्टीने ही सोयच झाली असावी, कारण खलनायकाची जात न सांगितल्याने तो कुणालाही लागला नाही. पण डोंगर मोकळा दाखवण्याची ही सवय पुढच्या चित्रपटांनी घेतली आणि प्रेक्षकालाही ती लावली.

स्वतः न पाहिलेला प्रदेश घरबसल्या उभा करण्याची कला चाळीसगावाला तशी नवी नव्हती. स्टेशनजवळच्या बंगल्यात अनेक दशके जवळजवळ स्वतःला कोंडून घेऊन राहिलेले छायाचित्रकार केकी मूस टेबल-टॉप फोटोग्राफीसाठी नावाजले गेले; या पद्धतीत मेजावर किरकोळ वस्तूंची मांडणी करून प्रकाशाच्या बळावर खऱ्यासारखा देखावा तयार करतात. १९८९ च्या अखेरीस ते वारले. आल्मेरियात अमेरिका उभारणारा लिओने आणि मेजावर निसर्ग उभारणारे मूस यांचा एकमेकांशी संबंध नाही, पण त्या बंगल्यावरून ये-जा करणाऱ्या मुलांना पडद्यावरचा प्रदेश रचलेला असू शकतो ही जाणीव इतर गावांतल्या मुलांपेक्षा थोडी आधी झाली असेल तर आश्चर्य नाही.

दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले असले तरी तालुक्याच्या गावांना ते लहान प्रक्षेपकांचे जाळे पसरल्यावर, म्हणजे १९८४ नंतर, नीट दिसू लागले. एक जण गच्चीवर अँटेना फिरवतोय, दुसरा खिडकीतून ओरडून सांगतोय आणि पडद्यावर मुंग्याच मुंग्या, हा त्या काळचा सार्वत्रिक अनुभव होता. दूरदर्शनने वेस्टर्नला फारशी जागा दिली नाही, आणि डाकूपटही यायचा तो शनिवार-रविवारच्या हिंदी चित्रपटाच्या पाळीनेच. खरा बदल केबलने केला. नव्वदच्या दशकाच्या मध्याला टर्नर कंपनीची एक वाहिनी भारतात दिसू लागली, जिच्यावर दिवसा कार्टून नेटवर्क असे आणि मुले झोपायला गेल्यावर त्याच जागी टीएनटी या नावाने हॉलिवूडचे जुने चित्रपट लागत. जुन्या चित्रपटांनाच वाहिलेली वाहिनी चाळीसगावच्या वाट्याला आली ती एवढीच, तीही अर्ध्या दिवसाची. तोवर तिशीत आलेला हा प्रेक्षक जॉन वेनसारख्या ताऱ्यांचे वेस्टर्न इथेच पाहू लागला, आणि जॉन फोर्ड यांच्या १९५६ च्या 'द सर्चर्स' या चित्रपटाशी त्याची गाठ पडली तेव्हा पळवलेल्या पुतणीला वर्षानुवर्षे शोधणाऱ्या नायकाच्या डोळ्यांतला कोमांची जमातीचा द्वेष त्याला खटकला. मॉर्निंग शोत न दिसलेली गोष्ट चौदा इंची पडद्यावर दिसली. त्याच सुमारास चॅनेल व्हीवर क्विक गन मुरुगन नावाचा मद्रासी काउबॉय जाहिरातवजा चुटक्यांतून धमाल उडवत होता. चेष्टा करता येण्याइतका हा प्रकार आता घरचा झाला होता.

चेष्टेचा कळस मात्र शेजारी मालेगावात झाला. यंत्रमागांच्या त्या गावात शेख नासिर यांनी २००० साली व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' काढला. नट गावातलेच, भाषा खानदेशी वळणाची हिंदी, आणि घोड्यांचा खर्च झेपणारा नसल्याने डाकू सायकलींवरून आले. इथे थोडे विषयांतर करून सांगायला हवे की घोड्यांची खानदेशात वानवा नाही. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो आणि देशभरातले शौकीन तिथे येतात. अडचण पैशाची होती, आणि त्या अडचणीतूनच चित्रपटाला त्याचा खरा विनोद मिळाला, कारण सायकलवरचा डाकू पाहिल्यावर मूळ डाकूच्या घोड्याचे सोंगही उघडे पडते. पुढे फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट आणि २०२५ साली रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आल्यावर महानगरांना या खटाटोपाचे कौतुक वाटू लागले. खानदेशाने तो आधीच व्हिडिओ पार्लरमध्ये तिकीट काढून पाहिला होता.

साठी गाठलेल्या या प्रेक्षकाच्या घरी आज कदाचित डीडी फ्री डिशची छत्री असेल. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेल्या या सेवेत छत्री आणि डबा एकदा विकत घेतला की महिन्याचे भाडे भरावे लागत नाही; खासगी वाहिन्याच जागेसाठी प्रसार भारतीला लिलावात पैसे मोजतात. अमेरिकेतल्या पोटवाहिनीशी हिचे साम्य आहे, पण फरक अधिक बोलका आहे. लिलावासाठी वाहिन्यांचे गट पाडले आहेत ते मनोरंजन, चित्रपट, संगीत, बातम्या आणि भाषा असे. चित्रपट कोणत्या जातकुळीचा याला त्यात स्थान नाही. बोली चढी लागते, म्हणून प्रत्येक वाहिनीला सगळेच घर गोळा करावे लागते, आणि दुपारचा डाकूपट संपताच कौटुंबिक रडारड व तिच्यामागून हिंदीत डब केलेला तेलुगू मारधाडपट लावावा लागतो. २००७ च्या झी टॉकीजपासून मराठी चित्रपटांच्या वाहिन्या आल्या त्यांचीही रचना सणवार आणि नटांच्या नावांवर आहे. १३ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत, दूरदर्शनने डीडी रेट्रो काढली, पण ती जुन्या मालिकांची सरमिसळ होती. एकाच प्रकाराला वाहिलेली वाहिनी चालवायला कमी खर्चाच्या लहरी लागतात, तसा त्या प्रकाराचा भरपूर साठाही लागतो.

समजा, खानदेशापुरती अशी वाहिनी कुणी काढलीच, तर पहिली रात्र 'शोले'ची आणि दुसरी 'मालेगाव के शोले'ची जाईल. तिसऱ्या रात्रीसाठी गोष्ट तयार आहे. खाज्या नाईक हा सातपुड्यातला भिल्ल सेंधव्याच्या घाटात सरकारच्या नोकरीत रस्त्याची राखण करत असे. त्याच्या हातून एक संशयित मेला म्हणून नोकरी गेली, तुरुंगवास झाला, सुटल्यावर पुन्हा त्याच घाटाच्या राखणीवर नेमला गेला, आणि १८५७ साली बंड करून त्याने सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीला त्याच्या भिल्लांची आणि कंपनीच्या फौजेची लढाई झाली, ज्या फौजेत भिल्ल पलटणही होती. १८६० साली तो दग्याने मारला गेला. पोलिसातला ठाकूर आणि डोंगरातला गब्बर ही 'शोले'तली दोन्ही पात्रे इथे एकाच माणसात आहेत, शिवाय दोन्ही बाजूंना भिल्ल आहेत. पण या गोष्टीवर घरोघरी माहीत असलेला एकही चित्रपट नाही, त्यामुळे वाहिनीच्या मालकाला तिसऱ्या रात्रीही 'शोले'च लावावा लागेल.