टी. नगरातली शिट्टी



चेन्नईला बदली झाली की टी. नगर चुकत नाही. सुट्टीवर जायच्या आधी घरून साड्यांची यादी येते. मांबलम स्टेशनवर उतरलं की रंगनाथन स्ट्रीटची गर्दीच तुम्हाला पुढे नेते. या वेळी माझ्या यादीत आणखी दोन वस्तू होत्या, नी-कॅप आणि शिट्टी. पहिली खेळाडूची, दुसरी उस्तादाची. दोन्ही एकाच दुकानात मिळाल्या, पण पहिलीवरून दुसरीवर यायला मला वर्ष लागलं.

गावाकडे आम्ही शूटिंग बॉल खेळायचो. व्हॉलीबॉल शिकलो पलटणीत, संध्याकाळच्या गेम परेडला. सोळा वर्षं युनिटच्या टीममध्ये होतो. मग एकदा ब्लॉक करून खाली येताना गुडघा फिरला. डॉक्टर म्हणाले, आता उडी बंद. सीओ साहेब म्हणाले, "टीम तुम्ही सांभाळा."

टी. नगरला लागूनच नंदनम आहे. वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय तिथलंच. एच. सी. बक यांनी १९२० मध्ये मद्रासला ते सुरू केलं. व्हॉलीबॉलचा जन्मही वायएमसीएतलाच. अमेरिकेत विल्यम मॉर्गन यांनी १८९५ मध्ये हा खेळ तयार केला. त्या फाटकासमोरून जाताना मी मनातल्या मनात सलाम ठोकतो.

तमिळनाडूचेच जी. ई. श्रीधरन यांचं नाव जुन्या खेळाडूंना माहीत असेल. १९८२ चा अर्जुन पुरस्कार त्यांना खेळाडू म्हणून मिळाला आणि २००७ चा द्रोणाचार्य प्रशिक्षक म्हणून. मध्ये पंचवीस वर्षं गेली. तेवढ्यात खेळही बदलला. ते खेळायचे तेव्हा सर्व्हिस आपली असेल तरच गुण मिळायचा आणि सेट १५ चा असायचा. पुढे प्रत्येक रॅलीला गुण आला, सेट २५ चा झाला, वेगळ्या रंगाच्या जर्सीतला लिबेरो आला. म्हणजे स्वतः खेळले एक खेळ आणि पोरांना शिकवला दुसराच. नुसत्या जुन्या अनुभवावर हे भागत नाही, स्वतःला पुन्हा शिकावं लागतं.

सगळ्यात अवघड काय, सांगू? बसणं. एका सेटमध्ये दोन टाइम-आउट, प्रत्येकी तीस सेकंदांचे. बाकी सगळं पोरांच्या हातात. बॉल नेटवर आला की बाकावर बसल्या बसल्या माझे हात अजून वर जातात.

मागच्या महिन्यात निर्णायक सेटला आम्ही १२-१४ ने मागे होतो. टाइम-आउट घेतला. सांगायला दहा गोष्टी होत्या. आमच्या लिफ्टरकडे पाहिलं, नांदेडकडचं पोरगं, ओठ सुकले होते. एकच म्हणालो, "पाणी पी. बॉल उंच दे, बाकी स्मॅशरवर सोड." त्यानं बॉल उंच दिला आणि आम्ही एक गुण काढला. पुढचा त्यांनी घेतला, मॅच गेली. पण तो बॉल बरोबर जिथे हवा तिथेच गेला होता. एवढा आनंद मला स्वतःच्या स्मॅशनं कधी दिला नव्हता.

पेन्शनला दोन वर्षं उरलीत. श्रीधरन साहेबांसारखी पंचवीस वर्षं माझ्याकडे नाहीत. या दोन वर्षांत एक लिफ्टर घडवून पलटणीला देऊन जायचं आहे.

जय हिंद.