पुलाच्या पलीकडचे अल्पसंख्य

अकरावीच्या याद्या लागल्या की मुंबईच्या पार्ल्यातले पालक माझ्या घराची बेल वाजवतात. वकील शेजारी राहायला असला की फी द्यावी लागत नाही, वर चहाही मिळतो. यंदा खालच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. मुलगा पूर्वेच्या मराठी शाळेतला, टक्केवारी उत्तम. पण पश्चिमेच्या एका कॉलेजात त्याचं नाव थोडक्यात हुकलं होतं. त्याच्याहून कमी गुणांची त्याच्याच क्लासमधली गुजराती मुलगी अल्पसंख्याक कोट्यातून आत गेली होती.

"अहो वकीलसाहेब, गुजराती कधीपासून अल्पसंख्य झाले? रेल्वेचा पूल उतरून पलीकडे जा आणि मराठीत एक तरी हाक ऐकू येते का बघा. अल्पसंख्य आता आम्हीच!"

वहिनींचा राग मला कळतो. त्यांचं गणित मात्र चुकतं, आणि ते कुठे चुकतं हे सांगण्यातच माझ्या वकिलीची बरीच वर्षं गेली आहेत.

घटनेच्या कलम ३० नं धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. पण अल्पसंख्य म्हणजे कोण, हे घटनेत कुठेच सांगितलेलं नाही. १९५८ साली केरळच्या शिक्षण विधेयकावर सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं गेलं, तेव्हा केरळ सरकारनं नेमका वहिनींचाच मुद्दा मांडला होता: संस्था ज्या भागात आहे, त्या भागात ती जमात संख्येनं कमी असली पाहिजे. न्यायालयानं विचारलं, भाग म्हणजे काय? जिल्हा, तालुका, शहर, उपनगर की नगरपालिकेचा वॉर्ड? एका जमातीची माणसं एखाद्या उपनगरात एकमेकांच्या आधारानं राहतात. तेवढ्या आठ-दहा गल्ल्यांत ती बहुसंख्य दिसतात. म्हणून त्यांचा हक्क गेला म्हणायचं का? हे मत वाचताना मला दर वेळी वाटतं, न्यायमूर्ती पार्ल्याच्या पुलावर उभे राहून दोन्हीकडे बघत असावेत.

पुढे ३१ ऑक्टोबर २००२ रोजी टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठानं मोजपट्टी पक्की केली. देशातली राज्यं भाषेच्या पायावर आखली गेली, तेव्हा अल्पसंख्य कोण हे राज्यागणिक ठरेल. भाषेच्या बाबतीतही आणि धर्माच्याही. त्यामुळे गुजराती माणूस अहमदाबादला बहुसंख्य आणि पार्ल्यात अल्पसंख्य, मग त्याच्या इमारतीत एकही मराठी कुटुंब नसलं तरी. आमच्या गावठाणातल्या ईस्ट इंडियन माणसाची तर आणखी गंमत. भाषेनं तो बहुसंख्य, धर्मानं अल्पसंख्य, आणि दोन्ही एकाच घरात.

"मग हा कायदा त्यांच्याच सोयीचा," वहिनी म्हणाल्या. मी त्यांना बेळगावला नेलं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. तिथल्या शहापूरच्या गल्लीत उभं राहिलं तर मराठी माणूस अल्पसंख्य आहे असं कुणाला वाटणार नाही. वॉर्डाची मोजपट्टी लावली तर कलम ३० खालचा तिथल्या मराठी संस्थेचा हक्क सर्वांत आधी बुडेल. राज्याची मोजपट्टी आहे म्हणून तो टिकून आहे. बेळगावसाठी एक पट्टी आणि पार्ल्यासाठी दुसरी, असं न्यायालयात मागता येत नाही. माझ्या मते घरच्या दिवाणखान्यातही मागू नये.

पार्ल्याच्या दोन्ही बाजूंची मुळं एकाच काळातली आहेत, हे आपण विसरतो. टिळकांच्या निधनानंतर, १९२१ मध्ये, पूर्वेला पार्ले टिळक विद्यालय निघालं. त्याच वर्षी असहकाराच्या वातावरणात गुजराती मंडळींची राष्ट्रीय शाळा निघाली. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या विलेपार्ले केळवणी मंडळानं ती चालवायला घेतली आणि १९६१ मध्ये मिठीबाई कॉलेज उभं केलं. कोटा नंतरचा, शाळा काढायची हौस त्याच्या कितीतरी आधीची.

कलम ३० चा हक्क सरकारला मोडता येत नाही, पण तो अमर्यादही नाही. मुंबई राज्याच्या सरकारनं जानेवारी १९५४ मध्ये फर्मान काढलं होतं, की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि युरोपीय वगैरे सोडून इतर मुलांना घेऊ नये. देवळालीच्या बार्न्स शाळेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्या न्यायालयानंही ते फर्मान टिकू दिलं नाही. तिथे अडवली गेलेली मुलं होती एका गुजराती हिंदू डॉक्टरांचा मुलगा आणि एका भारतीय ख्रिस्ती मेजरची मुलगी. कलम २९ त्या दोघांच्या कामी आलं, कारण त्यातलं संरक्षण 'कोणत्याही नागरिका'साठी आहे. उलट बाजूनं, महाराष्ट्रातल्या गुजराती संस्थांनी आपल्या इंग्रजी शाळांत मराठी सक्तीची नको म्हणून दाद मागितली, तेव्हा उषा मेहता विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००४ च्या निकालात त्या हरल्या. आपली भाषा जपण्याच्या हक्कात राज्याची भाषा न शिकण्याचा हक्क येत नाही, असं न्यायालय म्हणालं.

आता खरं दुखणं. ते वहिनींना ठाऊक नव्हतं आणि माझ्या अनेक अशिलांना ते उघड बोललेलं आवडत नाही. ९३ व्या घटनादुरुस्तीनं आलेल्या कलम १५(५) मुळे खासगी संस्थांतही मागासवर्गीयांना आरक्षण देता येतं, पण त्यातून अल्पसंख्याक संस्था वगळल्या आहेत. जून २०२५ मध्ये राज्य सरकारनं अकरावीला या संस्थांतही सामाजिक आरक्षण लावू पाहिलं, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयानं स्थगिती दिली. कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबरच झालं. पण अल्पसंख्याक दर्जा मिळवण्यासाठी माझ्याकडे फायली घेऊन येणाऱ्या विश्वस्तांना मी एक प्रश्न विचारतो: तुमच्याकडे तुमच्या भाषेचा शिक्षक आहे का? भाषा जपायला दिलेलं कवच निव्वळ आरक्षण चुकवायला वापरलं, तर त्याचा भार गुजरात्यावर पडत नाही की वहिनींच्या मुलावरही पडत नाही. तो दलित आणि आदिवासी मुलांवर पडतो, आणि त्यांच्यातलं कुणी माझ्याकडे चहाला येत नाही.

वहिनींच्या मुलाला पुढच्या फेरीत त्याच कॉलेजात जागा मिळाली. कोट्यातल्या न भरलेल्या काही जागा संस्थेनं सर्वसाधारण फेरीसाठी परत केल्या होत्या. ती मुलगी आता त्याच्याच वर्गात आहे. दोघांनीही दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतली आहे.