बॅटरी बसली... पण कुठली?

इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्या माणसाला लोक ठरलेले तीन प्रश्न विचारतात. एका चार्जमध्ये किती जाते? चार्ज व्हायला किती वेळ लागतो? आणि आठ वर्षांनी बॅटरी बदलायला किती लाख? तिन्ही प्रश्न गाडीच्या पोटाखालच्या त्या भल्यामोठ्या बॅटरीबद्दल असतात. त्याच गाडीत बॉनेटखाली एक दुसरी बॅटरीही असते. साधी, शिशाची, बारा व्होल्टची, आपल्या जुन्या मारुतीत असायची अगदी तशीच. तिच्याबद्दल कुणी काही विचारत नाही. आमच्या हापिसात कँटीनमध्ये विषय काढला तर निम्म्या लोकांना वाटलं मी चेष्टा करतोय. "अरे, तीनशे किलोची बॅटरी खाली असताना वर अजून एक कशाला?"

प्रश्न बरोबर आहे. मलाही पडला होता.

तर त्याचं असं आहे. खालच्या पॅकमध्ये तीन-चारशे व्होल्ट असतात. साठ व्होल्ट डीसीच्या वर गेलं की गाड्यांच्या नियमांत ते 'हाय व्होल्टेज' धरतात, म्हणजे हे प्रकरण माणसाला मारू शकतं. म्हणून गाडी बंद असताना हे व्होल्टेज पॅकच्या बाहेर येताच कामा नये. पॅकच्या तोंडाशी कॉन्टॅक्टर नावाचे दोन दांडगे स्विच बसवलेले असतात. त्यांच्या कॉइलला करंट मिळाला तरच ते जोडले जातात. करंट गेला, की आतली स्प्रिंग त्यांना पुन्हा उघडते. अपघात झाला, वायर तुटली, काहीही झालं तरी पॅक आपोआप सुटा होतो. झकास डिझाईन आहे.

फक्त त्या कॉइलला लागणारा करंट येतो त्या बारा व्होल्टच्या बॅटरीतून! दरवाज्यांची कुलुपं, स्क्रीन, हॉर्न, वायपर, एअरबॅग, सगळे कंट्रोलर, अगदी मोठ्या बॅटरीवर लक्ष ठेवणारा बीएमएससुद्धा बारा व्होल्टवरच जागा होतो. गाडी एकदा चालू झाली की डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून थोडी वीज घेऊन छोटीला चार्ज करत राहतो. पण तो चालू व्हायला आधी कॉन्टॅक्टर जोडायला हवेत, आणि ते जोडायला छोटी बॅटरी जिवंत हवी. छोटी मेली तर मोठीत कितीही वीज असो, ती बाहेर काढायला कुणी उरत नाही. बरं, भिंतीवरचा चार्जर लावावा तर तोही लागत नाही, कारण चार्जरशी 'बोलायचं' काम करणारा कंट्रोलरही झोपलेलाच असतो.

आपल्या धंद्यात याला सर्क्युलर डिपेंडन्सी म्हणतात. आठवतंय का, ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सगळंच सहाएक तास बंद पडलं होतं? देखभालीच्या कामात एक कमांड चुकीची गेली आणि त्यांच्या डेटा सेंटर्सना जोडणारं नेटवर्कच तुटलं. दुरुस्त करायची आतली टूल्स त्याच नेटवर्कवर अवलंबून. शेवटी माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरात पाठवावी लागली. तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवली की असंच व्हायचं :)

हे सगळं मला इतकं तोंडपाठ असायचं कारण म्हणजे आमच्या बाबांची गाडी.

बाबा कोल्हापुरात असतात. शाळेतून रिटायर झालेले, त्यामुळं निम्मं गाव त्यांना 'सर'च म्हणतं. आईला दर तीन आठवड्यांनी मिरजेला दवाखान्यात न्यावं लागतं. औषधं सुरू झाल्यापासून तिला डिझेलच्या वासानं मळमळतं आणि गिअरच्या हिसक्यानं चक्कर येते. बाबांनी चार महिने विचार केला, माझ्याशी फोनवर पन्नास वेळा हुज्जत घातली, आणि सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी घेतली. चार वर्षं जुनी, तीस युनिटच्या पॅकवाली. मिरज पन्नासेक किलोमीटर. जाऊन येऊन चार्जचा प्रश्नच नाही. आई मागं आडवी होऊन झोपते. बाबांच्या दृष्टीनं गाडीचं यापेक्षा मोठं काम नाही.

या पावसाळ्यात मागची तारीख झाल्यावर दोघं माझ्याकडं पुण्याला आले होते. अडीच आठवडे गाडी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. शुक्रवारी रात्री आम्ही तिघंही कोल्हापुरात पोचलो, शनिवारी अकराला मिरजेत हजर व्हायचं. सकाळी साडेसातला बाबा खाली गेले आणि पाच मिनिटांत वर आले. "गाडी उघडंना झालीया."

किल्लीचं बटण दाबलं, काही नाही. किल्लीच्या आत एक लोखंडी किल्ली लपवलेली असते, ती काढून दरवाजा उघडला. आत मिट्ट काळोख. बटण दाबलं की कुठंतरी एक रिले टक्-टक् करायचा आणि गप्प व्हायचा. मोबाईलच्या ॲपमध्ये मात्र शेवटची नोंद ऐटीत दिसत होती: चार्ज ८० टक्के. म्हणजे चोवीस युनिट, आमच्या घराला तीन दिवस पुरेल एवढी वीज, आणि दरवाज्यातला दिवाही लागत नव्हता.

कंपनीच्या हेल्पलाईनला फोन लावला. पलीकडची मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणाली, की फ्लॅटबेड दुपारी चारनंतर येईल, तोवर बाहेरच्या कुठल्याही मेकॅनिकला हात लावू देऊ नका, वॉरंटीचा प्रश्न येईल. आई म्हणाली, "टॅक्सी सांगा की सरळ." टॅक्सी सांगितली, साडेनऊची. पण बाबा खालीच उभे राहिले, गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून. त्या टॅक्सीत तिचं काय होतं ते त्यांनी आधी दोनदा बघितलेलं होतं.

मग त्यांनी उद्यमनगरातल्या बॅटरीवाल्या मामांना फोन केला. आमच्या जुन्या गाडीच्या, स्कूटरच्या आणि घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या गेली पंधरा वर्षं तेच बघतात. पावणेनऊला मामा ॲक्टिव्हाच्या पायात एक बॅटरी आणि गळ्यात जंपर केबल घेऊन हजर. पण गाडी बघितली आणि दोन पावलं मागं सरकले.

"सर, ही करंटची गाडी हाय. मी हात लावत न्हाई. उद्या काय झालं तर? आमाला कुणी शिकवलंय व्हय ह्यातलं?"

मला त्यांचं पटलं. चारशे व्होल्टला न घाबरणारा मेकॅनिक मला नको आहे. मी फोनवर गाडीचं मॅन्युअल उघडलं. गंमत म्हणजे त्यात चक्क जंप स्टार्टचं पान होतं, आकृतीसकट! हेल्पलाईनच्या बाईंनी ते बहुधा वाचलं नसावं. मी इंग्रजी वाचायचो, बाबा वर्गात सांगावं तसं मराठीत सांगायचे. "नारिंगी वायर दिसेल तिकडं हात न्यायचा नाही. हे काळं झाकण काढायचं. ही तुमची नेहमीची बॅटरी."

मामांनी झाकण काढलं, मल्टिमीटर लावला. ७.२ व्होल्ट. चांगली भरलेली बॅटरी नुसती ठेवली तरी साडेबाराच्या वर दाखवते, बाराच्या खाली गेली की जवळजवळ रिकामी. "ही तर पार गेलीया," मामा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा बदलला. आता ते त्यांच्या गावात आले होते.

लाल क्लॅम्प मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा लाल चांगलीच्या प्लसला, काळा चांगलीच्या मायनसला. "आणि शेवटचा काळा..." बाबा वाचायला लागले. "बॉडीला, बॅटरीपासनं लांब. म्हाईत हाय, सर." (ठिणगी पडलीच तर बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनजवळ पडू नये म्हणून.) कुलुपं खटाखट वाजली, स्क्रीन लागला, दहा-बारा वॉर्निंग एकदम आल्या. बाबांनी ब्रेक दाबून बटण दाबलं. खालून कॉन्टॅक्टरचा 'ठक्' असा आवाज आला आणि समोर हिरव्या अक्षरात 'रेडी'.

मामांचं लक्ष मात्र मल्टिमीटरवर. आकडा चढत चढत १४.२ वर थांबला. इंजिन नाही, पट्टा नाही, काही फिरत नाही, आणि बॅटरी चार्ज होतेय. ते दोन मिनिटं नुसते बघत राहिले.

"म्हणजे आल्टरनेटरच की ओ हा!"

डीसी-डीसी कन्व्हर्टरची याहून चांगली व्याख्या मी आजतागायत वाचलेली नाही.

टॅक्सी परत पाठवली. मामांनी त्यांची बॅटरी आणि केबल आमच्या डिकीत टाकली, "मिरजेत परत बसली तर असू दे", आणि पैसे काही घेतले नाहीत. नव्या बॅटरीत बघू म्हणाले. आई मिरजेपर्यंत झोपली. दुपारी चार तासांनी गाडी आपली आपण उघडली, डिकीतल्या बॅटरीची गरज पडली नाही. तरी सोमवारी मामांनी नवीन बसवली, कारण शिशाची बॅटरी एवढी खोल उतरली की आतल्या प्लेटांवर सल्फेट कडक होऊन बसतं आणि ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

बॅटरी गेली कशानं, तेही मामांनीच शोधलं. गाडीच्या आधीच्या मालकानं डॅशकॅम बसवलेला होता, पार्किंगमध्येही रेकॉर्ड करणारा, थेट बारा व्होल्टला जोडलेला. मीटरवर ३०० मिलिॲम्पिअर दिसले. आता हिशोब करा. बॅटरी ३५ ॲम्पिअर-आवरची, भागिले ०.३, म्हणजे ११६ तास. पाच दिवसही नाहीत. गाडी स्वतः झोपेत ३० मिलिॲम्पिअर खात असेल तर हीच बॅटरी नवी असताना दीड महिना निघतो. काही गाड्या अधूनमधून स्वतःच जाग्या होऊन मोठीतून छोटीला पाजतात, काही नाही. आपली कुठल्या जातीची ते मॅन्युअलमध्ये सापडतं.

कधीकधी दोष त्या कन्व्हर्टरचाच असतो. जून २०२४ मध्ये ह्युंदाईनं भारतातल्या १,७४४ आयोनिक ५ तपासणीसाठी परत बोलावल्या, त्या याच कारणानं: चार्जिंग सांभाळणारा आयसीसीयू नावाचा भाग बिघडला तर बारा व्होल्टची बॅटरी उतरू शकत होती. म्हणजे हा आमच्या पार्किंगपुरता प्रश्न नाही.

यातली खरी खोच अशी, की डिझेल गाडी आधी सांगते. सेल मारताना आठवडाभर घरघर करते, आणि घरातला कुणीतरी म्हणतो, "बॅटरी बघून घ्या." सेलला काहीशे ॲम्पिअर लागतात, म्हणून अशक्त बॅटरी तिथंच उघडी पडते. इलेक्ट्रिक गाडीला जागं व्हायला त्या मानानं फारच थोडा करंट पुरतो. त्यामुळं मरायला टेकलेली बॅटरीही शेवटच्या दिवसापर्यंत ठणठणीत असल्याचं नाटक करते. म्हणून एवढं करा:

१. तीन-चार वर्षांनी बारा व्होल्टची बॅटरी दुकानात तपासून घ्या, लक्षणांची वाट बघू नका.
२. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर शेजाऱ्याला आठवड्यातून एकदा अर्धा तास 'रेडी'वर ठेवायला सांगा.
३. डिकीत नको, घरात एक छोटा जंप पॅक ठेवा. बॅटरी मेल्यावर काही गाड्यांची डिकीच उघडत नाही :)
४. आपली इलेक्ट्रिक गाडी लावून दुसऱ्याची डिझेल गाडी सुरू करून देऊ नका. कन्व्हर्टर त्या करंटसाठी बनवलेला नसतो, आणि बहुतेक मॅन्युअलमध्ये स्पष्ट मनाई असते.

इतिहास बघितला तर आणखी मजा आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इलेक्ट्रिक गाड्या शहरांत चांगल्या खपत होत्या, कारण पेट्रोलच्या गाडीला हँडल मारायला लागायचं आणि ते उलटं फिरलं की मनगट मोडायचं. मग चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला, त्याच्यासोबत शिशाची बॅटरी आली, आणि इलेक्ट्रिक गाड्यांचा मोठा फायदाच संपला. जिनं त्यांना तेव्हा संपवायला मदत केली, तीच बॅटरी आज त्यांच्या बॉनेटखाली बसून रोज सकाळी त्यांना उठवतेय.

मला मात्र त्या दिवसापासून मामांचं ते वाक्य छळतंय. आमाला कुणी शिकवलंय व्हय? हे कोल्हापूर आहे. १९२० साली बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री' काढला तो इथंच बनवलेल्या कॅमेऱ्यावर. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्र्या देशभरच्या इंजिनांना कास्टिंग पुरवतात. इलेक्ट्रिक गाडीला इंजिनच नाही, त्यामुळं या गावाला धास्ती वाटणं साहजिक आहे. पण गाडीतलं जे काम गल्लीतल्या माणसाला येतं, तेही 'हात लावू देऊ नका' म्हणून काढून घेतलं तर कसं व्हायचं? चारशे व्होल्ट कंपनीनं सांभाळावेत. बारा व्होल्ट मामांचेच आहेत.

मामांनी मला एकच काम सांगितलंय. मॅन्युअलची ती सहा पानं मराठीत करून, मोठ्या अक्षरात छापून द्यायची, दुकानात लावायला. त्यांच्याकडं आता अशा गाड्यांचे फोन यायला लागलेत. या शनिवार-रविवारी तेच करत बसलोय. 'कॉन्टॅक्टर'ला मराठीत काय म्हणावं यावर बाबांशी दोन तास वाद झाला आणि शेवटी 'कॉन्टॅक्टर'च ठेवलं.

असो. तुम्ही तोवर एक करा, आपल्या गाडीच्या किल्लीतली ती लोखंडी किल्ली एकदा बाहेर काढून बघा.